दहा दिवसांतले दोन निकाल

२०२५ च्या जुलैत दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकलगाड्यांमधल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये त्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. बारापैकी एक जण निकाल ऐकायला उरलाच नव्हता. २०२१ मध्ये कैदेत असतानाच तो करोनाने गेला. मग ३१ तारखेला मुंबईतल्याच विशेष एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना सोडलं. त्यात भोपाळच्या माजी खासदार साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर होत्या, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित होते. पहिल्या खटल्यातले सगळे आरोपी मुसलमान, दुसऱ्यातले सगळे हिंदू. लोकलमध्ये १८० हून जास्त माणसं मेली होती, मालेगावात सहा. या सगळ्या मृत्यूंसाठी आज तुरुंगात कोणीही नाही.

आमच्या माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक चुलतभाऊ आहे, तो अशा वेळी गप्प बसत नाही. २१ तारखेला त्याने लिहिलं, ‘संपली न्यायव्यवस्था.’ ३१ ला त्याच्याकडून पेढ्यांच्या बॉक्सचा फोटो आला. मालेगावची माझी एक मैत्रीण आहे, आम्ही बरीच वर्षं एका कॉलेजात शिकवलं. ती २१ ला फोनवर रडली, आनंदाने. ३१ ला म्हणाली, “बघ, असं असतं आमच्यासाठी.” दोघंही मला जवळचे. दोघांनीही निकालपत्राचं एक पान उघडलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल मी त्यांना नावं ठेवत नाही. एक निकाल ६७१ पानांचा, दुसरा हजारावर पानांचा. मला निवृत्तीनंतर वेळ आहे, म्हणून मी वाचत बसले. सगळं नाही, पण पुराव्यांची चर्चा जिथे आहे तेवढं.

आणि मग एक गोष्ट सतावायला लागली. आरोपींची नावं झाकून ठेवली, तर अनेक पानांवर आपण कोणता निकाल वाचतोय हे पटकन कळत नाही.

लोकल खटल्यात सगळा डोलारा कबुलीजबाबांवर उभा होता. साध्या कायद्यात पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा धरत नाहीत. इंग्रजांच्या काळापासूनचा हा नियम आहे, आणि तो का केला असेल हे सांगायला नको. पण संघटित गुन्हेगारीविरोधातल्या १९९९ च्या मोक्का कायद्याचं कलम १८ पोलीस अधीक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य धरतं. उच्च न्यायालयाला ते जबाब छळ करून घेतलेले वाटले; काहींमधला मजकूर एकमेकांची नक्कल वाटावी इतका सारखा होता. ज्या टॅक्सीवाल्यांनी आरोपींना ओळखलं, ते आधी शंभराहून जास्त दिवस गप्प होते. बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता, हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. मालेगावच्या निकालात मोटारसायकल मध्यभागी आहे. स्फोट तिच्यातच झाला आणि ती ठाकूर यांचीच होती, हे दोन्ही सिद्ध झालं नाही. पंचनाम्यात दोष निघाले, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला चालवायची मंजुरी सदोष ठरली. तीसहून जास्त साक्षीदार फितूर झाले, आणि त्यातल्या काहींनी सांगितलं की एटीएसने, म्हणजे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, धमकावून आमच्याकडून वदवून घेतलं.

दोन्ही खटल्यांचा मूळ तपास महाराष्ट्राच्या त्याच दहशतवादविरोधी पथकाचा. दोन्हीत मोक्का लावलेला. दोन्हीतल्या आरोपींनी कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. माझ्या चुलतभावाला पुरोहितांना मारल्याची हकिगत शब्दन्‌शब्द पाठ आहे, ती सांगताना त्याचा आवाज चढतो. लोकल खटल्यातल्या आरोपींनी तेच सांगितलं की तो म्हणतो, “वकील शिकवतात तसं बोलायला.” मैत्रिणीचं बरोबर उलटं. साध्वी आजारपणाचं नाटक करत होती, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मी दोघांना विचारलं, एकच खातं, एकच पद्धत, मग एकीकडे मारतात आणि दुसरीकडे मारत नाहीत असं कसं? त्या दिवशी कोणाशीच बोलणं पुढे गेलं नाही.

पोलीस धर्म बघून वागतात का, हे मोजायचं कसं? लोक निकाल मोजतात. अमुक जमातीचे इतके सुटले, तमुक जमातीचे इतके अडकले. मला वाटतं, निकालाच्या आधीचे काही दिवस आणि निकालानंतरचे काही दिवस पाहावेत. न्यायाधीश बहुतेक वेळा समोर आलेल्या कागदावर बोलतो. कागद तयार होताना आणि कागद पुढे न्यायचा की नाही हे ठरताना खरा फरक पडतो.

आधी नंतरचे दिवस घेऊ. २१ जुलैच्या निकालाला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी धक्कादायक म्हटलं. लगोलग राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ तारखेला न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. सुटलेल्यांना मात्र परत आत टाकायचं नाही. सरकारने अपील केलं ते योग्यच केलं. इतकी माणसं मेली असताना अपील न करणारं सरकार असावं तरी कशाला? ३१ जुलैला त्याच मुख्यमंत्र्यांनी दहशतवाद भगवा कधी नव्हता, नाही आणि नसेल, अशा अर्थाचं ट्वीट केलं. मालेगावात सहा माणसं मेली होती, त्यांच्याबद्दल त्यात काही नव्हतं. हा खटला केंद्राच्या एनआयएकडे होता, त्यामुळे अपिलाचा निर्णय राज्याचा नव्हता हे मान्य. पण एनआयएलाही तशी घाई नव्हती. सप्टेंबरात उच्च न्यायालयात अपील घेऊन गेले ते मृतांचे नातेवाईक. त्यांत एक म्हातारा बाप आहे, ज्याने त्या रात्री मुलगा गमावला आणि पुढची सतरा वर्षं खटल्यात हस्तक्षेप अर्जदार म्हणून तो जवळजवळ प्रत्येक वळणावर उभा राहिला. एका निकालाला सरकारने तीन दिवसांत स्थगिती मिळवली. दुसऱ्यासाठी माणसाला स्वतः वकील शोधावा लागला.

आता आधीचे दिवस. त्यासाठी मालेगावात जावं लागेल, आणि २००८ च्या नव्हे, २००६ च्या.

मी सटाण्याची. मालेगाव आमच्यासाठी बाजाराचं गाव. लग्नाचा बस्ता मालेगावला, चष्मा मालेगावला, दाखवायचं असेल तर मोठा डॉक्टरही मालेगावला. मोसम नदीवरचा पूल ओलांडला की गल्ल्यांमधून यंत्रमागांचा खडखडाट कानात बसायचा आणि आई माझा हात जरा घट्ट धरायची. का धरायची हे तिनेही कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नदीच्या एका बाजूला मुसलमान वस्ती, दुसऱ्या बाजूला हिंदू, असं गाव सगळ्या जिल्ह्याला तोंडपाठ होतं. माझे मामा नाशिक ग्रामीणमध्ये हवालदार होते. ‘मालेगाव बंदोबस्त’ लागला की मामीचा चेहरा उतरायचा. गणपती, मोहरम, निवडणूक, काहीही असो, जिल्हाभरातले शिपाई तिथे. २००१ च्या ऑक्टोबरात तिथे दंगल झाली, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. तेव्हापासून गाव आणि खातं एकमेकांकडे तिरकंच बघत आलं.

८ सप्टेंबर २००६. शुक्रवार, त्यात शब-ए-बारात. दुपारची नमाज संपत होती, हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानच्या आवारात गर्दी होती. स्फोट तिथे झाले आणि मुशावरत चौकात झाले. तीसहून जास्त माणसं मेली, त्यात लहान मुलं बरीच. कब्रस्तानच्या दाराशी भीक मागायला बसलेलेही होते. मेलेले जवळजवळ सगळे मुसलमान. एटीएसने नऊ जणांना पकडलं, सगळे मालेगाव-मुंबईकडचे मुसलमान, काही युनानी डॉक्टर. सिमी या बंदी असलेल्या संघटनेचे लोक, आपल्याच लोकांना मारून दंगल पेटवायचा कट, असं आरोपपत्रात आलं. डिसेंबरात आरोपपत्र दाखल झालंसुद्धा. यातला एक जण स्फोटाच्या दिवशी पोलिसांच्याच कोठडीत होता आणि दुसरा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात नमाज पढवत होता, असं बचाव पक्ष पहिल्यापासून सांगत होता. तपास सीबीआयकडे गेला, तिनेही तीच कथा पुढे नेली.

२०१० च्या अखेरीस दुसऱ्या एका स्फोटाच्या प्रकरणात अटकेत असलेल्या स्वामी असीमानंद यांनी दिल्लीत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जबाब दिला की हे काम दुसऱ्याच मंडळींचं आहे, हिंदू मंडळींचं. तो जबाब त्यांनी पुढे मागे घेतला. पण तपास एनआयएकडे आला, नोव्हेंबर २०११ मध्ये नऊ जणांना जामीन मिळाला, त्यातले सात बाहेर आले (उरलेले दोघे लोकल खटल्यातही आरोपी होते) आणि २५ एप्रिल २०१६ ला न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. एक जण तोवर अपघातात गेलेला होता. हे लोक बळीचे बकरे झाले, असं न्यायालयाने म्हटलं. शब-ए-बारातच्या पवित्र दिवशी स्वतःच्याच माणसांना मारायचं यांना कारण काय, हा प्रश्नही न्यायालयाने मांडला. हाच प्रश्न ९ सप्टेंबर २००६ ला मालेगावच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर विचारला जात होता. एनआयएने मग चार हिंदू तरुणांवर आरोपपत्र ठेवलं, त्यांना २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. एका स्फोटाच्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी सरकारनेच कोर्टात लिहून दिल्या, दोन्हींवर शिक्के, दोन्हींना साक्षीदार.

हे कोणाच्या राज्यात झालं? २००६ मध्ये मुंबईत आणि दिल्लीत दोन्हीकडे काँग्रेस आघाडीचं सरकार होतं. हे लिहिते, कारण हा सगळा विषय भाजप आला म्हणून बिघडला असं मानणारे माझे पुष्कळ मित्र आहेत. ते नऊ जण पाच वर्षं ज्यांच्या राज्यात आत राहिले, ते सेक्युलर म्हणवणारं सरकार होतं.

मामांना मी एकदा विचारलं होतं की असं कसं होतं. ते निवृत्त झाले होते, दुपारी ओट्यावर सुपारी कातरत बसलेले. ते म्हणाले, “अगं, संध्याकाळी वरून फोन येतो. कोणाला उचललं? तू त्या दिवशी साहेबाला सांगून बघ, अजून कोणाला नाही.” मग थोडं थांबून, “यादी असते ना स्टेशनात. ती काढायची.” सिमीवर बंदी आली २००१ च्या सप्टेंबरात. त्यानंतर मालेगावसारख्या गावात यादी तयारच होती: कोण सभेला गेला, कोणाच्या घरी पुस्तकं सापडली, कोण कोणाचा मेहुणा. स्फोट झाला की यादीतली माणसं उचलायची आणि मग पुरावा त्यांच्याभोवती विणायचा. मामांना त्यात वैर नव्हतं. त्यांचा मुसलमान सहकारी होता, तोही तेच करायचा. पूर्वग्रह म्हणजे डोळे लाल करून शिव्या देणारा फौजदार असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तो एका रजिस्टरमध्ये असतो. दुसऱ्या बाजूची तशी यादीच नव्हती, म्हणून त्या बाजूला कोणी बघितलंही नाही.

बघण्यासारखं काही नव्हतं असंही नाही. मालेगावच्या स्फोटाच्या पाच महिने आधी, ६ एप्रिल २००६ ला, नांदेडच्या पाटबंधारे नगरात एका घरात स्फोट होऊन दोघे मेले. सुरुवातीला फटाके उडाल्याचं सांगितलं गेलं. नंतर तपासयंत्रणांनीच म्हटलं की बॉम्ब बनवताना तो फुटला. तो खटलाही २०२५ च्या जानेवारीत संपला. सगळे निर्दोष.

हेमंत करकरे यांच्याबद्दल लिहिताना माझा हात जरा अडखळतो, कारण त्यांचा कोणी देव केलाय आणि कोणी राक्षस. जानेवारी २००८ मध्ये ते एटीएसचे प्रमुख झाले. सप्टेंबरात रमजानच्या रात्री मालेगावच्या भिक्कू चौकात मोटारसायकल फुटली. यादी तेव्हाही होती. ती बाजूला ठेवून त्यांनी मोटारसायकलचा माग काढला आणि तो त्यांना सुरतेहून एका साध्वीपर्यंत घेऊन गेला. त्या पहिल्या पंधरा-वीस दिवसांत त्यांनी जे केलं, त्याला मी समान वागणूक म्हणेन. माग जिथे जातो तिथे जायचं. पुढच्या महिनाभरात त्यांना काय काय ऐकावं लागलं ते सगळ्यांना आठवत असेल. २६ नोव्हेंबरच्या रात्री कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत ते मारले गेले, आणि दहा वर्षांनी ठाकूर यांनी जाहीरपणे सांगितलं की माझ्या शापाने मेले. टीका झाल्यावर ते विधान त्यांनी मागे घेतलं.

पण करकऱ्यांच्या पथकानेही मोक्काच लावला. कबुलीजबाबांवर त्यांचीही भिस्त होती. जे हत्यार मुसलमान तरुणांवर चालवलं जात होतं तेच यावेळी दुसऱ्या बाजूला चालवलं. माझ्या मैत्रिणीला यात न्याय दिसला होता: बघा, यांनाही तेच. मला तो दिसत नाही. दोन्हींकडे सारखंच ठोकायचं, याला समता म्हणायचं तर मग अंधारकोठडीही सगळ्यांना सारखीच असते. मोक्का २०१६ मध्ये एनआयएने काढला, न्यायालयानेही २०१७ मध्ये तो वगळला. त्याबरोबर त्या कबुल्यांचं वजनही गेलं आणि हातात उरलं ते एक अर्धवट चासी क्रमांक असलेलं वाहन.

त्याच वर्षी, २००८ च्याच जूनमध्ये, ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या पार्किंगमध्ये नाटक चालू असताना बॉम्ब फुटला होता. सात जण जखमी झाले. याच पथकाने सहा जणांना पकडलं, ते सनातन संस्थेशी संबंधित असल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं. २०११ मध्ये निकाल लागला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा, चौघे सुटले. तीन वर्षांत खटला संपला, कोणाला पेढे वाटावेसे वाटले नाहीत, आणि आज तो फारसा कोणाला आठवत नाही. मला तो आठवतो तो याच कारणाने. ज्यांच्याविरुद्ध पुरावा टिकला त्यांना शिक्षा झाली, ज्यांच्याविरुद्ध नाही टिकला ते घरी गेले.

मालेगावचं पुढे काय झालं? २०१५ मध्ये विशेष सरकारी वकील रोहिणी सालियान यांनी जाहीरपणे सांगितलं की दिल्लीत सरकार बदलल्यावर एनआयएच्या अधिकाऱ्याकडून त्यांना या खटल्यात मवाळ व्हायला सांगण्यात आलं. एनआयएने ते नाकारलं. २०१६ मध्ये एनआयएच्या पुरवणी आरोपपत्रात ठाकूर यांना मोकळं करावं असं लिहिलं होतं. न्यायालयाने ते ऐकलं नाही. मधल्या काळात साक्षीदारांनी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दिलेले काही मूळ जबाबच कोर्टातून गहाळ झाले. एवढ्या मोठ्या खटल्यातले मूळ कागद गहाळ. साधा सातबारा हरवला तरी आपण तलाठ्याला सोडत नाही.

ही तफावत फक्त स्फोटांच्या खटल्यांत दिसते असं नाही. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या, न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने ९०० माणसं मेली, ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. १२ मार्चला साखळी स्फोट झाले, २५७ माणसं मेली. स्फोटांसाठी टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालचं न्यायालय बसलं, शंभर जण दोषी ठरले, ३० जुलै २०१५ ला याकूब मेमनला फाशी झाली. दंगलींसाठी आयोग बसला. १९९६ मध्ये युती सरकारने तो गुंडाळला, काही महिन्यांनी परत सुरू केला. १९९८ मध्ये अहवाल आला, ३१ पोलिसांवर ठपका आला, आणि सरकारने अहवाल स्वीकारला नाही. नंतर आलेल्या आघाडी सरकारांनी अंमलबजावणीची आश्वासनं दिली आणि अहवाल कपाटात राहिला. शिवसेनेचे माजी खासदार मधुकर सरपोतदार यांना २००८ मध्ये प्रक्षोभक भाषणासाठी एक वर्षाची शिक्षा झाली. नाव घेण्याजोगी शिक्षा जवळजवळ तेवढीच. स्फोटांच्या आरोपींना शिक्षा व्हायलाच हवी होती. पण त्याच शहरात, त्याच हिवाळ्यात शेजाऱ्यांनी मारलेल्या माणसांसाठी टाडा तर सोडा, साधं भारतीय दंड विधानही हललं नाही.

भाषणांचं तर काय सांगावं. धर्मांत तेढ निर्माण करण्याचं कलम, पूर्वीचं १५३ अ, आता न्याय संहितेचं १९६, त्याखाली खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते. म्हणजे किल्ली सरकारच्या कमरेला. दंगलीच्या वेळच्या ‘सामना’तल्या अग्रलेखांसाठी बाळासाहेब ठाकरे यांना २००० च्या जुलैत अटक झाली, सगळी मुंबई बंद झाली, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी प्रकरण मुदतबाह्य म्हणून निकाली काढलं. तीन वर्षांची मुदत होती, सात वर्षं उलटली होती. तिकडे तेलंगणात निर्मलच्या भाषणासाठी अकबरुद्दीन ओवैसी २०१३ मध्ये तुरुंगात गेले आणि २०२२ मध्ये पुराव्याअभावी सुटले. ते भाषण लाखो लोकांनी फोनवर पाहिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना सांगितलं की बोलणारा कोणत्याही धर्माचा असो, तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा. आपल्या तालुक्याच्या गावातले त्यानंतरचे मोर्चे ज्याचे त्याने आठवून पाहावेत.

हडपसरचं मात्र मला सोडून पुढे जाता येत नाही. २ जून २०१४ ला सोशल मीडियावरच्या विटंबनेच्या चित्रांवरून पुण्यात वातावरण तापलेलं असताना, नमाजहून परतणाऱ्या एका आयटीतल्या तरुणाला हॉकी स्टिकांनी मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. २०१७ च्या जानेवारीत तीन आरोपींना जामीन देताना उच्च न्यायालयाच्या आदेशात असा तर्क आला की मेलेल्याचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, आरोपींचं त्याच्याशी वैयक्तिक वैर नव्हतं, धर्माच्या नावाने त्यांना चिथवलं गेलं होतं, आणि ही बाब आरोपींच्या बाजूने धरली गेली. मी तो परिच्छेद परत परत वाचला. धर्मासाठी मारलं, म्हणून सौम्य? हाच नियम सीमेपलीकडून चिथवून पाठवलेल्या पोराला कोणी लावला असता का? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या फेब्रुवारीत तो आदेश रद्द केला आणि देशाच्या बहुविध रचनेचं भान न्यायालयांनी ठेवावं असं सुनावलं. खटल्याचं काय झालं? २०२३ च्या जानेवारीत सगळे सुटले.

आणि ज्यांना वाटतं की पोलिसांची नजर नेहमी एकाच बाजूला आंधळी असते, त्यांनी २०२२ ची अमरावती आठवावी. २१ जूनच्या रात्री दुकान बंद करून घरी निघालेल्या एका औषध दुकानदाराचा गळा चिरला गेला. त्याने प्रेषितांबद्दलच्या वक्तव्यावरून वादात सापडलेल्या नूपुर शर्मांच्या समर्थनाचा मजकूर पुढे पाठवला होता. पोलिसांनी कित्येक दिवस ते लुटीचं प्रकरण म्हणूनच चालवलं. त्याच्या घरच्यांनी सुरुवातीपासून सांगितलं होतं की पैसे गेलेलेच नाहीत. पुढे एनआयए आली तेव्हा कारण उघड बोललं गेलं. नांदेडला फटाके, अमरावतीला लूट. गाव तापेल या भीतीने खरं कारण कागदावर यायला वेळ लावायचा, ही खात्याची सवय दोन्हीकडे सारखी आहे. तो दुकानदार गेला त्याच्या बायकोला ही समानता कोणत्या तोंडाने सांगायची?

भिवंडीबद्दल मला मामांनीच पहिल्यांदा सांगितलं. मालेगावसारखंच यंत्रमागांचं गाव, मालेगावसारखीच मिश्र वस्ती, १९७० आणि १९८४ च्या भयंकर दंगली नावावर. १९८८ नंतर सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त होते. नेहमीच्या शांतता समितीत नगरसेवक, मौलवी, महंत, नारळ फोडणारे बसतात. खोपड्यांनी त्याऐवजी मोहल्ल्यामोहल्ल्यात साध्या माणसांच्या समित्या केल्या: मागवाला, टेलर, किराणावाला, अर्धे हिंदू, अर्धे मुसलमान. बीटचा पोलीस त्यांचा सचिव. भांडी-नळ-गटारीपासून सगळी भांडणं तिथेच निघायची. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई जळत होती तेव्हा तासाभराच्या अंतरावरची भिवंडी शांत राहिली. मामा सांगायचे, तिथल्या बीट हवालदाराला प्रत्येक गल्लीतली दहा माणसं नावानिशी माहीत होती, नुसती गुन्हेगार म्हणून नव्हे. यादीत नावं असणं आणि ओळखीची माणसं असणं यात किती अंतर आहे, ते त्यांनी मालेगावात बंदोबस्त करताना अनुभवलं होतं.

तो प्रयोग राज्यभर का झाला नाही, यावर मामा हसायचे. अशा समितीत पुढाऱ्याला खुर्ची नसते. आणि वरून फोन आला तर बीटवाल्याला सांगता येतं की साहेब, तो पोरगा त्या रात्री कुठे होता ते मला माहीत आहे, आठ माणसं सांगतील. असं सांगणारा हवालदार साहेबाला अडचणीचाच.

लोकल स्फोटांचं अपील सर्वोच्च न्यायालयात आहे, मालेगावचं उच्च न्यायालयात. ३१ जुलैच्या निकालात मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये देण्याचा आदेश आहे. मैत्रिणीच्या नात्यातला एक जण भिक्कू चौकात जखमी झाला होता. मी तिला विचारलं, घेणार का पैसे? ती म्हणाली, “घेणार. पण आधी अपिलाच्या वकिलाची फी भरायची आहे.”